पाळण्याचा पट्टा

सुतानं रंग धरावा म्हणून आधी द्यायच्या तुरटीच्या पाण्याला अक्कांकडे माप नव्हतं. त्या बोट पाण्यात बुडवून जिभेला लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "आजून चिमूटभर." मी वहीत 'चिमूटभर' लिहून घेत असे. किती लिटरला किती चिमूट, हे विचारलं की त्या हसत. "पेपरवाला भाऊ, विहीरनं पानी दर महिनाले बदलस. तुनी वही बदलस का?"

जळगावच्या एका वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं डेस्कवर होतो. निवृत्तीनंतर पट्टाविणीवर लेख लिहायचा म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात गेलो. लेख झाला नाही. त्याऐवजी दर शनिवारी जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरून निघून, एसटीनं शिरपूर आणि तिथून जीपनं गाव, असा क्रम सुरू झाला. अक्का सत्तरीच्या होत्या. अंगणात दोन खुंट्या पुरलेल्या होत्या. त्यांच्यात उभे धागे ताणून त्या चार बोटं रुंदीचा पट्टा विणत. या विणीत आडवा धागा दिसत नाही, उभ्या धाग्यांखाली तो झाकला जातो. त्यामुळे उभ्या धाग्याचा रंग हाच पट्ट्याचा रंग.

त्यांच्या घरची रीत अशी की लेकीच्या किंवा नातीच्या पहिल्या बाळाची झोळी ज्या पट्ट्यानं आढ्याला टांगायची, तो आजोळहून जातो. मधे लाल, दोन्ही काठ पिवळे. पिवळा रंग पळसाच्या फुलांचा, लाल बारतोंडीच्या मुळांचा. असे पट्टे अक्कांनी आजवर सगळ्या लेकी-नातींना दिले होते. त्या वर्षी अमळनेरला दिलेली धाकटी नात बाळंत होणार होती.

त्याआधीच्या पावसाळ्यात अक्कांच्या तोंडात गाठ निघाली. मिश्रीची सवय जुनी होती. धुळ्याला ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक दिले. गाठ गेली. जीभ राहिली, पण चव गेली. ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. जेवायला बसल्या की पहिल्या घासाला त्या "मीठ कमी शे" म्हणत, आणि सून निमूटपणे मीठ पुढे सरकवी. मला त्यांनी सांगितलं, कारण कुणाला तरी सांगावंच लागणार होतं.

"तुरटी आते तूच चाखशी," त्या म्हणाल्या. "मी सांगसू तसं."

लपवण्याचं कारण त्यांचा मुलगा होता. मुलगा वाईट नव्हता. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं, आणि रंगाची चूल दिवसभर धुमसते. एकदा माझ्यासमोरच त्यानं विषय काढला.

"माय, बठ्ठं आयुष्य करं. आते पुरे."

"नातना पट्टा कोन करी? तू?"

"शिरपूरले तयार भेटस."

"नायलॉनना? मग पोरबी तयार आन बाजारमाथून."

तो हसला, पण मागे हटला नाही. शेवटी म्हणाला, "हाऊ पट्टा पह्यलासारखा व्हई गया त तुना माग ऱ्हाई. नही त खुंट्या उपटी टाकसू. मंग रडू नको." अक्कांनी मान डोलावली. त्या दिवसापासून आमच्यापुढे एकच काम होतं.

फाल्गुनात आम्ही मुळं काढायला गेलो. बारतोंडीची झाडं पूर्वी बांधाबांधावर होती, असं अक्का सांगत. आता बांध यंत्रानं सपाट करून कापूस थेट शेजाऱ्याच्या कापसाला भिडवलेला. नाल्याच्या कडेला दोन झाडं सापडली. एक वाळलेलं होतं. दुसऱ्याच्या फक्त पूर्वेकडच्या अंगाची मुळं मी खणली. चारही बाजूंनी खणलं तर झाड मरतं. जाड मुळांपेक्षा पेन्सिलीएवढ्या बारीक मुळांत रंग जास्त असतो. अक्का दगडावर बसून एकेक मूळ नखानं खरवडून पाहत होत्या. आतली साल पिवळी निघाली की पदरात. सगळी मिळून एक टोपलीभर झाली. "येवढाच शेतस," त्या म्हणाल्या. त्यात दुसऱ्यांदा रंगवायला काही उरणार नव्हतं.

पळसाच्या फुलांचा पिवळा आधी झाला. तो सहज आला. लालासाठी सूत एरंडेलात भिजवलं, सात दिवस उन्हात ठेवलं, धुतलं, हिरड्याच्या पाण्यातून काढलं. दरम्यान माझ्या जिभेची शिकवणी चालू होती. अक्का तीन वाट्या ठेवत. एकीत साधं पाणी, एकीत हिरडा, एकीत तुरटी.

"काय लागस?"

"तुरट."

"ते त दोन्ही तुरट. तुरटी पह्यले गोड लागस, मंग जीभ आखडस. कितला येळ आखडस ते मोज."

मी मोजायला शिकलो. हिरडा लगेच आवळतो आणि सोडतो. तुरटी उशिरा आवळते आणि धरून ठेवते. पाच शनिवार गेले. अक्कांच्या आठवणीतल्या चवीशी माझी चव जुळू लागली, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

तुरटी चढवायच्या दिवशी जीप उशिरा मिळाली. मी दुपारी पोचलो. सुनेनं जेवायला वाढलं. जेवणानंतर मी खिशातली सुपारी काढून तोंडात टाकली. डेस्कवरच्या वर्षांत लागलेली सवय होती. पेपरची पानं लावताना तोंडात सुपारी असायचीच. ती थुंकून, चूळ भरून मी चुलीपाशी गेलो.

अक्कांनी तुरटीचं पाणी ढवळलं. मी बोट लावलं. जीभ लगेच आखडली आणि आखडलेलीच राहिली.

"झालं, अक्का."

"येवढामा?"

"झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतः बोट बुडवून जिभेला लावलं. त्यांना काहीच कळणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी सूत आत सोडलं.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी मुळांच्या पाण्यातून सूत वर आलं ते फिकट विटकरी होतं. वाळल्यावर आणखी उतरलं. पावसात राहिलेल्या कौलासारखा रंग. अक्का ते बराच वेळ हातात धरून उभ्या होत्या. मी त्यांना सुपारीचं सांगितलं.

"चूळ भरी व्हती ना?"

"भरली होती."

"सुपारीबी तुरटच. चुळनी नही जास ती. मीच तुले सांगाले पाह्यजे व्हतं." मग म्हणाल्या, "घरमा बोलू नको. तू पाव्हना शे."

पट्टा त्यांनी त्याच सुतानं विणला. वीण निर्दोष होती. एक धागा चुकला नव्हता, कडा सुतळीनं आखल्यासारख्या सरळ. चैत्रात अमळनेरला बारसं झालं. झोळी टांगली तेव्हा बायकांत कुजबुज झाली. नातीच्या सासूनं पट्टा हातात घेऊन विचारलं, "उनमा पडेल व्हता का वं, अक्का?"

मुलगा दारातच उभा होता. अक्का म्हणाल्या, "मनी जीभ गयी शे. शेक दिनात तवपशी चव नही. माले कळनं नही."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी पुरुषांच्या रांगेत बसलो होतो. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सुपारी मी खाल्ली होती, चव मी घेतली होती, 'झालं' मी म्हटलं होतं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांचे खुलासे छापले. त्या दिवशी मी पेढा घेतला आणि गप्प राहिलो.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा मुलगा पहार घेऊन अंगणात होता. पहिली खुंटी निघाली होती. दुसरी खोल होती. "भाऊ, जरा धरा," तो म्हणाला. मी धरली. त्यानं खालून पहार घातली आणि ती मातीसकट वर आली. आत अक्का खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दाराला टेकून मी हाक मारली. त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला.

मुलानं दोन्ही खड्डे बुजवले, पाणी मारलं आणि पायानं जमीन दाबून सपाट केली.