एवढासा हिरवा ठिपका

त्या उन्हाळ्यात मी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिथल्या मॅडमच्या हाताखाली काम शिकायला गेले होते. घाटातल्या एका दुर्मीळ ऑर्किडचं पिठासारखं बारीक बी मला बाटलीत रुजवायचं होतं. दोनदा बुरशी लागली. तिसऱ्यांदा उरलंसुरलं सगळं बी पेरून टाकलं.

परत निघायच्या आदल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा ठिपका दिसला.

"मॅडम, रुजलंय!" मी ओरडलेच.

मॅडमनी वाकून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं, मला चार वर्षं हे जमलं नव्हतं."

मी धावतच बाहेर आले. आवारातली आभाळाला भिडलेली झाडं बघून मला हसूच फुटलं. ही सगळी कधीतरी एवढीशीच होती!