ओपलनं मान वर केली

ओपल हेंड्रिक्सचा झगा मी कमरेत तीनदा आत घेतला. बाई धड जेवायचीच नाही! भाड्याच्या खोलीत सूप गरम करून एकटीच बसायची. वय एकतीस, स्टुडिओत सांगितलेलं चोवीस. मी कपडेखात्यातली शिवणकरीण, कंबर मोजली की वय कळतं. पण मी कशाला चोंबडेपणा करू? हॉलिवूडमध्ये तेव्हा एकेका कामासाठी शंभर पोरी फाटकाशी ताटकळत असायच्या.

नवरा कधीच पसार झालेला. आठ वर्षांची लेक नोरीन दूर ओमाहाला मावशीकडे. तीन वर्षांत भेट नाही. पोरीनं पत्रात लिहिलं, 'मम्मा, तुझा चेहरा मला आठवत नाही.' त्या दिवसापासून ओपलचं एकच चाललेलं: नोरीनला मी पडद्यावर दिसले पाहिजे.

आणि नाच कसला, तर छत्तीस जणी, एका उंचीच्या, एकसारखे सोनेरी टोप घालून फुलाच्या पाकळ्या झालेल्या. कॅमेरा वर छताला.

"माना खाली!" नाच बसवणारा ओरडला. "मला फूल हवंय, थोबाडं नकोत!"

चौथ्या खेपेला सगळं जमून आलं होतं. तेवढ्यात ओपलनं मान वर केली आणि छताकडे बघून तोंडभर हसली.

"बंद करा! कोण आहे ती बया? घरी पाठवा तिला!"

झगा उतरवताना मी तिला झापलं. "अगं, अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"एकदाच बघितलं हो, मिसेस गॉर्मन."

त्याच दुपारी तो झगा मी फे लिंडक्विस्ट नावाच्या नव्या पोरीच्या मापाचा केला. तिचं नशीब असं, की पुढच्या नाचात कॅमेरा थेट तिच्या तोंडापाशी आला. ओपल एका खानावळीत बशा विसळू लागली.

सिनेमा लागल्यावर ती नोरीनचं पत्र घेऊन माझ्याकडे आली. उभ्यानंच वाचून दाखवलं. 'मम्मा, मी तुला लगेच ओळखलं! गालाला खळी पडते ती तूच ना? मी वर्गात सगळ्यांना सांगितलं.'

खळी फेच्या गालाला पडायची, ओपलच्या नाही.

"आता काय लिहिणार आहेस गं?"

"टाकलंसुद्धा पत्र. हो म्हटलं, बरोबर ओळखलंस."

मग तिनं माझा आरसा मागितला आणि गालात बोट रुतवून कितीतरी वेळ बघत राहिली.