पुसायची सोय
मशीन ऑइलचा वास आला, की वाळूजमधला तो कारखाना आठवतो. कामगारांसाठी मी तक्रारींची वेबसाइट बनवली होती. आधी मशीन निवडायचं, मग त्याच्याखाली तक्रार लिहायची. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्या एका मावशींनी मोबाइलवर उगाच काहीतरी लिहिलं आणि लगेच पुसूनही टाकलं. "मला पुसता आलं, म्हंजी सुपरवायझरला बी येणार की!" वेबसाइट बनवायला वापरलेल्या तयार सांगाड्याच्या, म्हणजे फ्रेमवर्कच्या, एका ओळीनं बघणं, लिहिणं, बदलणं, पुसणं असे सगळे रस्ते आपोआप उघडले होते, आणि मी आळशानं ते तसेच सोडले होते. तिथंच बाकड्यावर बसून तक्रारींपुरते दोनच ठेवले, बघणं आणि लिहिणं. मावशींनी पुन्हा काहीबाही लिहून पुसून बघितलं, पुसलं जाईना. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "आता खरी लिहिते. या प्रेसला जाळी नाय, बोटं जातील कुणाची तरी." त्या प्रेसला बसलेल्या जाळीचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.