उसाच्या मधोमध दिवा

नव्या सुनेने सासऱ्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं, ते उसाच्या मधोमध, रॉकेल घातलेल्या पाण्याच्या टबावर दिवा टांगताना. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे उजेडाला भुलून टबात पडत.

"बघ, पाहुण्यांची रीघ लागलीय," मामंजी खुशीत म्हणाले.

"पण आमंत्रण सगळ्या शिवाराला गेलंय, मामंजी. टब चुकवतील ते आपल्याच उसात अंडी घालतील. दिवा बांधाबाहेर न्या."

"कालची आलीस नि मला शिकवतेस?" ते हसले.

पुढे ऊस पिवळा पडला. मामंजींनी एक ओढून पाहिला, तर कुरतडलेल्या मुळांचा तो ऊस अलगद हातात आला.

"अळ्या जमिनीत आहेत गं. त्यांना कुठला दिवा दाखवू?"



हल्ली मामंजी रोज सकाळी उसाच्या बुडाशी उकरून हाताने अळ्या वेचतात.