कुलूप लावा आणि उतरा

स्वरदा घाबरट आहे, हे लोणी देवकरच्या आमच्या शेडमध्ये पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं. सोल्डरिंगचं बटण बंद केलंय का, हे बघायला ती गेटपासून परत यायची. घर बारामतीला, आई बँकेत, वडील कॉलेजात शिकवणारे. विहीर तिनं लांबूनच पाहिलेली, आणि कधी शेतावर आलीच तरी काठापासून चार हात मागं उभी राहायची. मी तिला तोंडावर भित्री भागूबाई म्हणायचो. ती हसायची, आणि पुन्हा एकदा बटण बघून यायची.

आम्ही मोबाईल स्टार्टर बनवतो. विहिरीवरच्या स्टार्टरला एक डबा जोडायचा, डब्यात सिमकार्ड आणि लाईट नसतानाही चालणारी छोटी बॅटरी. शेतकऱ्यानं घरून फोन लावला की मोटर चालू, पुन्हा लावला की बंद. डबे बसवायचं काम माझं. डब्यातल्या चिपमध्ये जो प्रोग्रॅम असतो, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो स्वरदा लिहिते. आणि एकदा लिहून सुटका नसते. कुठं लाईट कमी-जास्त होते, कुठं मुंग्या डब्यात घर करतात, कुठं शेतकरी सिमकार्डच बदलतो. काही बिघडलं की ती प्रोग्रॅम सुधारते आणि शेडमध्ये बसूनच मोबाईलच्या नेटवरून आठशे डब्यांना पाठवून देते. मी एकेका बांधावर फटफटी नेऊन जे करतो ते ती एका बोटानं करते. तिची भीती हीच होती.

"दादा, तुमची चूक झाली तर एक विहीर. माझी झाली तर आठशे."

"मग काय ताई, बोट कापून ठेवता का?" असं मी म्हणायचो. आज ते आठवलं की माझीच जीभ चावावीशी वाटते.

डब्यात तिनं दोन गोष्टी घातल्या होत्या. पहिली म्हणजे थांबा. लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे रानातला ट्रान्सफॉर्मर, उडते, म्हणून प्रत्येक डबा आपला नंबर गुणिले पाच इतके सेकंद थांबतो आणि मगच मोटर लावतो. दुसरी गोष्ट कुलूप. कुणी विहिरीत उतरणार असेल तर डब्याला फोन करून नऊ दाबायचं. मग लाईट येवो, फोन येवो, कुलूप काढेपर्यंत डबा मोटर लावत नाही.

आमच्याकडची जुनी रीत वेगळी. विहिरीत उतरायचं तर तिन्ही फ्यूज काढायच्या आणि उतरणाऱ्यानं त्या आपल्याच खिशात घालायच्या. फ्यूज त्याच्यापाशी, म्हणजे वर कुणाचं डोकं फिरलं तरी मोटर लागत नाही आणि पाण्यात करंट उतरत नाही. स्वरदानं मला बजावलं होतं, "कुलूप फ्यूजच्या जोडीला आहे दादा, फ्यूजच्या ऐवजी नाही. प्रत्येक बांधावर हे सांगायचं." मी मान डोलावली. पण फ्यूज काढायच्याच असतील तर मग कुलपाचं कौतुक काय? डबा खपवायचा म्हणजे चार शब्द गोड लागतात. म्हणून मी प्रत्येक बांधावर सांगायचो, "आता फ्यूजचा कुटाणाच न्हाय. कुलूप लावा आन् उतरा." लोक खूश व्हायचे. मीही माझ्या बोलण्यावर खूश असायचो.

जानेवारीतली गोष्ट. कारखाने जोरात होते, रस्ते उसानं भरलेले. सकाळी साडेआठला स्वरदानं नवा प्रोग्रॅम आधी फक्त पहिल्या बॅचच्या बासष्ट डब्यांना पाठवला. तिची पद्धतच तशी. थोड्यांना द्यायचं, दोन दिवस बघायचं, मग बाकीच्यांना. अकराच्या सुमारास मी एक जुना डबा दुरुस्तीला आणला. मालकानं तो कुलूप न काढताच माझ्या हातात दिला होता. तिनं तो टेबलावर लावला, डब्यानं नवा प्रोग्रॅम घेतला, आणि थोड्या वेळानं आतून आवाज आला, टक.

डब्यानं मोटर लावली होती. समोर मोटर नव्हती म्हणून नुसतं टक.

 स्वरदा कॉम्प्युटरवर वाकली आणि दोन मिनिटांत तिला सापडलं. चिपच्या आत कपाटासारखे खण असतात. पूर्वी कुलपाची नोंद एका खणात असायची. नव्या प्रोग्रॅममध्ये तिनं ती दुसऱ्या खणात हलवली होती. जुन्या डब्यांत नोंद राहिली जुन्या खणात, आणि नवा प्रोग्रॅम बघायचा नव्यात. तिथं काहीच नाही, म्हणजे कुलूप नाही. तिनं जुना डबा तपासला होता, दहादा तपासला होता. पण कुलूप लावून नाही.

"पाठवलं तेव्हा कुलूप कुणाकुणाचं लागलेलं होतं?" ती स्वतःशीच बोलत यादी काढत होती. बासष्टात तिघांचं. दोघांना फोन लागला. एक जण कधीच वर आला होता, दुसऱ्यानं फ्यूज खिशात घातल्या होत्या. तिसरा डबा कळस गावचा, नंबर सत्तेचाळीस. सव्वाआठला कुलूप लागलेलं. मालकीण सिंधुबाई, ढोबळी मिरची आणि डाळिंबवाल्या. फोन लागेना. डबाही उत्तर देईना. कळसचा टॉवर लाईट गेली की तासाभरानं मान टाकतो, आणि लाईट आठलाच गेली होती. जुना प्रोग्रॅम परत पाठवायचा तरी कुठून? त्या आठवड्यात कळसच्या शेतीला लाईट दुपारी बाराला यायची. आधी लाईट, मग डब्याचा थांबा, मग मोटर. टॉवर जागा होईपर्यंत सगळं होऊन गेलेलं. सबस्टेशनचा नंबर आमच्याकडं नव्हता. आता तो भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेला आहे.

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. मी फटफटी काढली आणि स्वरदा मागं बसली.

थोडं पुढं गेल्यावर तिनं माझ्या कानाशी विचारलं, "दादा, त्यांनी फ्यूज काढल्या असतील ना? सांगितलंय ना तुम्ही?"

"व्हय," मी म्हणालो.

असं खोटं मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो. सिंधुबाईंच्या बांधावर मी काय म्हणालो होतो ते मला अक्षर न् अक्षर आठवत होतं. त्यांचा मुलगा अविराज तेव्हा फ्यूजच्या बोर्डाला हात लावून म्हणाला होता, "म्हंजी हे काढायचं न्हाय?" आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.  मला स्वतःची भीती वाटत होती. खरं सांगावं तर ही मागं बसलेली पोर कोसळेल, आणि न सांगावं तर माझ्या पोटात काय उरेल, ते कळत नव्हतं.

पुढं उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली. एका ट्रॉलीचं चाक रुतलेलं, रस्ता अडलेला. मी फटफटी बांधावरून घातली. स्वरदा मागून फोन लावत होती, लागत नव्हता, पुन्हा लावत होती. 

कळसच्या अलीकडं पिठाच्या गिरणीवर बाहेरचा दिवा लागलेला दिसला. बाराला पाच कमी होते. लाईट यायची वेळ कागदावर असते, लाईट काही कागद वाचत नाही.

"सत्तेचाळीस पंचे दोनशे पस्तीस," स्वरदा म्हणाली. "लाईट कधी आली माहीत नाही. आत्ताच आली असं धरते." आणि तिनं मोजायला सुरुवात केली. मी आयुष्यात अनेक आकडे ऐकलेत, पण तिनं मोजलेले आकडे अजून कानात आहेत. साठला आम्ही मिरचीच्या शेडनेटजवळ आलो. शंभरला पाटाशी फटफटी टाकली आणि डाळिंबातून पळालो. तिची ओढणी काट्यांना अडकली, ती तिनं तिथंच सोडली. शेजारच्या रानात कुणाची तरी मोटर लागली आणि पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला. मी आणखी जोरात पळालो.

विहिरीवर सिंधुबाई दोर धरून बसल्या होत्या. फोन पदराच्या गाठीत. स्वरदा काठाच्या चार हात मागं थांबली नाही. ती सरळ काठावर गुडघ्यांवर पडली आणि खाली वाकून ओरडली, "वर या! पाण्यातून बाहेर या!" खाली अविराज कमरेएवढ्या पाण्यात, दोन्ही हात मोटरीच्या जाळीवर, गाळ काढत होता. वायरचा जोड त्याच्या छातीजवळ होता.

मी बोर्डाकडं धावलो. तिन्ही फ्यूज जागच्या जागी होत्या. पहिली ओढली. दुसरी घट्ट बसलेली, ओढताना नख उलटलं. तिसरी माझ्या हातात आली तेव्हा स्वरदा दोनशे चौदा म्हणत होती.

तिनं मोजणं थांबवलं नाही. दोनशे पस्तीसपर्यंत मोजलं. काही झालं नाही. मग दोनशे साठपर्यंत मोजलं, आणि तशीच काठावर बसून हमसून रडायला लागली.

"काय झालं गं बाई?" सिंधुबाई गोंधळून गेल्या. त्यांना काय सांगावं हे मला कळेना. म्हणून मी चिडल्यासारखा बोललो, "फ्यूज का काढल्या न्हाईत?"

"आता गं! तुमीच न्हवं का सांगून गेला, जोतीराम? कुलूप लावा आन् उतरा म्हनून?"

स्वरदानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मी फ्यूज हातात धरून उभा होतो. मग ती उठली आणि बोर्डावरचा डबा सोडवायला लागली. 

तो डबा तिनं कुलपासकट काढून शेडमध्ये आणला होता. मला मनातून वाटत होतं की कदाचित तो लागलाही नसता, उगाच पळालो. तिनं डबा टेबलावर ठेवला, लाईट दिली आणि मला समोर बसवलं. दोघं घड्याळाकडं बघत बसलो. दोनशे पस्तीसाव्या सेकंदाला आतून आवाज आला, टक.

"चूक माझी आहे, दादा," ती म्हणाली. "कुलूप माझ्याकडून उघडलं. पण मला वाटत होतं की माझ्याकडून उघडलं तरी त्याच्या खिशात फ्यूज आहेत."  मी रडलो, लाज न बाळगता.

जुने डबे तिनं त्याच दिवशी जुन्या प्रोग्रॅमवर परत नेले. नव्यात तिनं एक गोष्ट उलटी केली. खण रिकामा दिसला तर डबा आता कुलूप लागलंय असंच धरतो. आणि आणखी एक केलं. नऊ दाबलं की डबा फोनवर बोलतो. त्यासाठी तिनं माझाच आवाज मागितला. मी सात वेळा बोललो; पहिल्यांदा आवाज फार कापला होता, सातव्यांदा चांगला ठणठणीत आला. तिनं पहिलाच ठेवला. भित्री भागूबाई मी तिला त्यानंतर कधी म्हटलं नाही.

परवा एका बांधावर डबा बसवला. मालकाला लगेच विहिरीत उतरायचं होतं, त्यानं नऊ दाबलं. डबा बोलला, "आदी फ्यूज काढा. खिशात घाला. मंग उतरा."

"कुनाचा आवाज हाय वो ह्यो?" फ्यूज काढून खिशात घालत तो हसत म्हणाला. "लई भ्यालाय गडी."

"माजाच हाय," मी म्हणालो, आणि त्याच्या खिशात हात घालून तिन्ही फ्यूज मोजून बघितल्या.