पेटीवरचे स्टिकर

तिसऱ्यांदाही रेखाताईंचा आवाज त्याच ओळीवर फाटला. कॅन्टीनच्या मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

"बघितलंत ना सर? रोज इथेच," पेटीवर बसलेले देशपांडे म्हणाले.

देशपांडे मंडीदीपच्या या फॅक्टरीत मेंटेनन्स इंजिनिअर. पुण्याहून बदली होऊन आलेले. शनिवारी कंपनीचा ॲन्युअल डे होता. पॅकिंग सेक्शनमधल्या चौघी एक प्रार्थना गाणार होत्या. चाल देशपांड्यांनीच लावली होती. अंतरा, म्हणजे गाण्याचा पुढचा, वरच्या सुरांत जाणारा भाग, रेखाताई एकट्या म्हणणार होत्या. पण एचआरच्या भार्गव मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की गुरुवारच्या रिहर्सलला जमलं नाही तर रेकॉर्ड केलेलं गाणं लावू. तो दिवस सोमवार होता. मी शाळेतून निवृत्त झालेला संगीत शिक्षक, शाहपुऱ्यात राहतो. मला गाडी पाठवून बोलावलं होतं.

"अंतरा दुसऱ्या कोणाला देऊ या का?" देशपांड्यांनी विचारलं. "यांचा आवाज वर पोचतच नाही."

"घरी तर बरोबर जमतं, सर," रेखाताई खाली बघत म्हणाल्या. "मुलीला झोपवताना रोज हेच गाते. आणि सासूबाईंना उज्जैनहून बोलवूनपण घेतलंय मी."

"घरी सगळेच गातात," देशपांडे म्हणाले.

मी देशपांड्यांना पेटी थांबवायला सांगितली. रेखाताईंना म्हटलं, "घरी गाता तसं म्हणा. मुलगी समोर आहे असं समजा." त्यांनी डोळे मिटले आणि अख्खा अंतरा म्हटला. कुठेही आवाज फाटला नाही.

मग मी पेटीकडे नीट पाहिलं. प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर स्टिकर होता: सा, रे, ग, म. व्हॉल्व्हवर आणि मीटरवर लावतात तसे, मशीनवर छापलेले, अगदी सरळ चिकटवलेले. सा होता पांढरी एकवर. पेटी वाजवणारे पट्ट्यांना असे नंबर देतात: पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक, काळी दोन.

"सा इथे कोणी ठरवला?"

"पहिली पांढरी आहे ना, सर. यूट्यूबवर पेटी शिकलो, तिथेही इथेच होता."

"यूट्यूबवर कोण गात होतं?"

"एक दाढीवाले गृहस्थ."

"त्यांच्या गळ्याला तो सोयीचा असेल. रेखाताईंना दाढी नाही."

चौघी तोंडावर पदर धरून हसल्या.

मी समजावून सांगितलं. सा ही एखादी ठरलेली पट्टी नाही. गाणारा जिथून आरामात सुरुवात करू शकतो तो सा. बाकीचे सूर त्याच्यापासून मोजायचे. गाणं तेच राहतं, फक्त सगळं एकदम वर किंवा खाली सरकतं. देशपांड्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे सा हा नुसता रेफरन्स पॉइंट आहे?" एवढं नेमकं उत्तर मला शाळेत क्वचितच मिळालं होतं.

रेखाताईंचा सा काळी चारवर सापडला. म्हणजे पांढरी एकपासून, मधल्या काळ्या धरून, चार पट्ट्या खाली. मी तिथून सूर धरला. त्या अंतऱ्याच्या सगळ्यात वरच्या सुरावर गेल्या आणि तिथे थांबल्यासुद्धा.

आता अडचण देशपांड्यांची झाली. "माझे सगळे स्टिकर चुकले. त्यांच्याशिवाय मला वाजवता येत नाही. सर, शनिवारी तुम्हीच बसा ना."

मी नाही म्हटलं. माझी पत्नी सुधा गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून घरातली पेटी मी उघडलेली नाही, आणि स्टेजवर बसायचं मनात नव्हतं. एवढं सांगितल्यावर त्यांनी आग्रह केला नाही. खिशातून डायरी काढली आणि म्हणाले, "मग एका सुरापासून पुढच्या सुरापर्यंतची अंतरं सांगा."

मी सांगितली. सा पासून मधली एक पट्टी सोडून रे. परत एक सोडून ग. म मात्र ग ला लागूनच. मग एकेक सोडून प, ध, नी, आणि नी ला लागून वरचा सा. या चालीला एवढे शुद्ध सूर पुरत होते. त्यांनी डायरीत फक्त आकडे लिहिले.

मंगळवारी ते पुठ्ठ्याचा एक लांब तुकडा घेऊन आले. त्यावर मोजून खुणा केल्या होत्या. तो पट्ट्यांच्या मागे उभा ठेवला की प्रत्येक सुराची खूण आपापल्या पट्टीसमोर यायची. पुठ्ठा सरकवला की सा सरकायचा, आणि बाकीचे त्याच्यामागे. "कोणीही गायला येऊ दे, सर," ते म्हणाले. मी जन्मभर फळ्यावर पायऱ्या काढून हेच शिकवत आलो होतो. मला इतकं हसू आलं की चौघी हातातला चहा ठेवून बघायला आल्या.

गुरुवारी भार्गव मॅडम मोबाइल हातात घेऊन उभ्या होत्या, गाणं तयार ठेवून. अंतरा संपला तेव्हा त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "ठीक है, यही रखते हैं," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी अंतरा सुरू झाला आणि स्टेजवरच्या पंख्याने पुठ्ठा उडवला. तो थेट पहिल्या रांगेत, जीएम साहेबांच्या पायाशी पडला. देशपांड्यांची बोटं थांबली. पण काळी चारवरचं बोट त्यांनी उचललं नाही आणि भाता चालू ठेवला. नुसता सा वाजत राहिला. रेखाताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या एका सुरावर पूर्ण अंतरा गायल्या. वरच्या सुरावर तर ठरल्यापेक्षा जास्त थांबल्या. माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या बाई शेजारणीचा दंड धरून सांगत होत्या, "आमची सून आहे ती. आमची."

खाली उतरल्यावर देशपांडे रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "सर, एकच सूर वाजवला. तरी लोक पेटीची तारीफ करतायत."

मी एक शिकलो. आधी गाणारीला नुसतं गुणगुणायला सांगावं, मग पेटी उघडावी. सोमवारी हे मला तिसऱ्यांदा आवाज फाटल्यावर सुचलं. पहिल्याच वेळी सुचायला हवं होतं.