अण्णांच्या गाडीचं सायबान

ताडपत्रीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. कातरण आणि किस्से. कातरण दिवाळीच्या आधी झाडून काढता येतं, किस्से कोण झाडणार? गंगाखेडला स्टेशनच्या रस्त्यावर रहीमचाचांच्या दुकानात मी कापडाच्या कटिंगला होतो. उसाच्या ट्रकच्या ताडपत्र्या, जीपचे हूड, लग्नाच्या कनाती, काय काय शिवलं! त्यातलं निम्मं आता आठवत नाही. पण किशनअण्णांच्या गाडीच्या सायबानाचा विषय निघाला, की समोरचा चहा थंड होतो आणि मंडळी काही उठत नाहीत.

* * *

किशनअण्णा म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. गाव पालमकडचं. रिटायर झाल्यावर माणूस शेतात लक्ष घालतो, नाहीतर पारावर बसतो. अण्णांनी लिलावातून एक जुनी सरकारी मॅटाडोर उचलली! आत झोपायला फळ्या ठोकल्या, स्टोव्हला जागा केली, पाण्याची टाकी बसवली आणि एका सकाळी गाडी आमच्या दारात आणून उभी केली.

"चाचा, सायबान पायजे."

"घराला?"

"न्हाई, गाडीला. बाहेर वढलं की सावली, गुंडाळलं की गाडी चालली!"

चाचांनी मशीन थांबवली. "गाडीत ऱ्हायचं? कामून? घर पडलं का काय?"

अण्णा जरा लाजले. "तीस वर्षं मुक्कामाची गाडी नेली, चाचा. कुठं नदी दिसायची, कुठं डोंगर. वाटायचं, हे हिला दाखवावं. पण ही घरी अन् मी मुक्कामी! आता म्हणलं, दोघंबी मुक्कामी जाऊ."

चाचांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडं बघून ओरडले, "गौतम, टेप आण!"

* * *

असलं सायबान आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. अण्णांकडं एक चित्र होतं. कुठल्याशा विलायती मासिकाचं पान, तेही भज्याच्या पुडीचं! तेलानं निम्मं आरपार दिसत होतं. समुद्र, त्याच्या काठाला गाडी, गाडीला पट्ट्यापट्ट्यांचं सायबान आणि सायबानापुढं उभी एक गोरी बाई.

पुढच्या दोन बांबूंचं कळत होतं. प्रश्न होता मागच्या कडेचा. ते कापड गाडीला धरलंय कशानं? खिळा नाही, कडी नाही, दोरी नाही! चाचा भिंग घेऊन बसले. शेजारचा तुकाराम वेल्डर आला, त्यानं पान उन्हात धरून पाहिलं. नंतर पोस्टमन आला, त्यानंही पाहिलं. दोन दिवस दुकानात दुसरा विषय नाही.

शेवटी चाचांनी भिंग आपटलं. जिथं कापड गाडीला जोडलेलं, नेमक्या तिथंच त्या बाईची भली मोठी टोपी आडवी आलेली!

"अरे, कुणीतरी ह्या बाईची टोपी काढा रे!"

टोपी काही निघाली नाही. मग तुकारामनंच युक्ती काढली. एका पाईपला लांबीतून चीर पाडली आणि तो पाईप गाडीच्या टपाच्या कडेला वेल्ड केला. आम्ही कापडाच्या कडेत दोर शिवला आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओवावी तसा तो पाईपमधून सरकवत नेला. कापड चिरेतून बाहेर, दोर आत अडकलेला! विलायतेत काय करतात ते देव जाणे. आमचं हे असं.

* * *

माप घ्यायच्या दिवशी शेवंताकाकू आल्या. अण्णांची बायको. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं कमी. अण्णा चित्राप्रमाणं उंची सांगत होते, डाव्या अंगाला, दाराच्या बाजूनं. काकू दारापाशी उभ्या राहून नुसत्या आभाळाकडं बघत होत्या.

"दुपारून ऊन कुठून येनार?" त्यांनी विचारलं.

"ते गाडी कशी लावली त्याच्यावर हाय," अण्णा म्हणाले.

"तुमी कशी लावनार?"

"रस्त्याकडं तोंड करून. ड्रायव्हर मानूस तशीच लावतो."

"मंग सावली तिकडल्या अंगाला पडंल अन् मी इकडं उन्हात भाकरी थापीन."

अण्णांनीही आभाळाकडं पाहिलं. चाचांनीही. मी टेप धरून उभा. काकू हळूच म्हणाल्या, "गाडी फिरवायला येती नव्हं तुमाला?"

* * *

गाडीची एक भानगड आम्हाला नंतर कळली. ही मॅटाडोर आधी कुटुंब नियोजनाची प्रचाराची गाडी होती! अण्णांनी तिला पिवळा रंग मारला, पण रंग पातळ पडला. उन्हात गाडी तापली की दारावरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण हळूहळू रंगाखालून वर यायचा.

अण्णा ती घेऊन पालमच्या बाजाराला गेले. अजून नसबंदीच्या वर्षाची धास्ती लोकांच्या मनातून गेलेली नव्हती. गाडी बाजारात शिरली आणि दोन मिनिटांत निम्मे गडी गायब! काही ज्वारीत शिरले, काही देवळामागं. एकटा एक म्हातारा जागचा हलला नाही.

अण्णांनी विचारलं, "बाबा, तुमी न्हाई पळाले?"

म्हातारा म्हणाला, "मला आता धरून काय करनार हायेत? बसा, तंबाखू खा!"

* * *

आता वॉटरप्रूफिंग. त्यात चाचांचा हात धरणारा परभणी जिल्ह्यात नव्हता. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात तंबू शिवलेले. नुस्खा घरचा. आधी कापड साबणाच्या गरम पाण्यात भिजवायचं, मग तुरटीच्या पाण्यात, मग सावलीत वाळवायचं. शिवणींवर वरून मेण आणि जवसाचं तेल.

मोठ्या कढईत साबणाचं पांढरं पाणी रटरटत होतं. रस्त्यानं जाणारे "कुनाचं लगीन हाय?" म्हणून डोकावत होते. हायस्कूलचे एक सायन्सचे मास्तर मात्र थांबले.

"चाचा, साबणानं कापड भिजतं. तुम्ही साबण लावून कोरडं ठेवणार?"

चाचांनी वाळलेल्या कापडाची झोळी बांधली आणि दोन बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत खाली एक थेंब नाही. मास्तरांनी झोळीला खालून हात लावून पाहिला, वास घेतला, जवळजवळ चाटलीच!

"हे होतं कसं?"

"मास्तर, साबण एकटा असला तर पान्यात विरघळतो. तुरटी एकटी असली तर तीबी विरघळती. पन दोघांची शादी लावली, की दोघंबी पान्याला वळखत न्हाईत!" मग चाचांनी उसासा टाकला. "माझा पोरगा अन् सून, लगीन झाल्यापासून तसंच झालंय."

* * *

सायबान चढलं. दिसायला झकास! आम्ही टपावर चढून घागरी ओतल्या. कापड पक्कं, शिवणी पक्क्या. पण गाडीच्या कडेला, नेमका स्टोव्ह मांडायच्या जागेवर एक थेंब पडला. टप्. थोड्या वेळानं दुसरा. टप्.

येतो कुठून? पाईपखाली सायकलची ट्यूब चिरून लावली, तरी टप्. शिवण उसवून पुन्हा दुहेरी घातली, तरी टप्. चाचा मला म्हणाले, "कटिंग तुझं हाय." एवढंच म्हणाले, पण माझं जेवण गेलं. त्या दुकानात मला घेताना लोकांनी चाचांना काय काय ऐकवलं होतं ते मला ठाऊक होतं. कामात चूक निघायला नको होती.

तिसऱ्या दिवशी मला सुचलं. कपड्याला घालायची नीळ आणली. टपावर, पाईपवर, कापडाच्या कडेला, जिथं जिथं शंका होती तिथं कोरडी भुरभुरली. मग अगदी हळू पाणी सोडलं आणि मी खाली उताणा झोपलो. अण्णा, काकू, तुकाराम, सगळे वाकून बघायले. पाणी आलं. टपावरच्या एका अर्धवट बुजवलेल्या भोकातून बारीक निळी रेघ निघाली, पाईपमागून फिरून आली आणि माझ्या नाकावर टप्!

ते भोक होतं जुन्या लाऊडस्पीकरच्या बोल्टचं.

"बघा!" तुकाराम ओरडला. "भोंगा गेला, पन सरकारची गळती ऱ्हायलीच!"

डांबर आणि रबर ठोकून भोक बंद केलं. पण सायबानाच्या कडेला हातभर निळा डाग बसला. धुवायला गेलो, तर कापड पाणीच घेईना! नीळ मेणात जाऊन बसलेली.

मला धास्ती पडली. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावंच्या गावं धुमसायची ती वर्षं. मी बौद्धवाड्यातला, अण्णा पाटलांच्या भावकीतले. त्यांच्या गाडीवर माझ्या हातानं निळा पट्टा! मी म्हणालो, "अण्णा, तेवढा पट्टा कापून नवा लावतो."

तेवढ्यात त्यांच्या भावकीतलाच एकजण गाडी बघायला आलेला. त्याची नजर डागावर गेली. "किशन, झेंडा कामून लावलास रं गाडीला?"

दुकानात सगळे थांबले. चाचांच्या हातातली दाभण तशीच.

अण्णा सायबानाखाली जाऊन बसले. वरून घागर ओतायला सांगितली. पाणी कडेनं धो धो खाली गेलं, अण्णा कोरडे.

"ये, बस," ते त्याला म्हणाले. "तीन दिस गळायलं होतं, त्या निळीनं सापडलं. तुला सापडलं असतं का?"

तो बसला नाही. पण अण्णांनी पट्टा कापू दिला नाही. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

* * *

पहिल्या पावसाळ्यात अण्णांचे जावई भेटायला आले. काकूंनी त्यांना सायबानाखाली मानानं पाट दिला. बाहेर भुरभुर चालू. अण्णांनी दोन्ही बांबू सारख्या उंचीचे लावलेले, म्हणून पाणी उतरायला वाट नाही. कापड मधोमध घागरीसारखं फुगलं. आमचं वॉटरप्रूफिंग इतकं पक्कं, की थेंब गळेना!

अण्णांना वाटलं, काठीनं खालून जरा ढोसावं.

नंतर ते चाचांकडं तक्रार घेऊन आले. चाचा म्हणाले, "एक बांबू चार बोटं खाली घ्या, उतार होईल. जावई काय म्हणले?"

"म्हनले, सासरी अंघोळीचा मान असतो ठाऊक होतं, पन कपडे काढू द्यायचं व्हतं!"

* * *

पुढचा किस्सा काकूंच्या तोंडून ऐकायचा. देवगाव फाट्याला मुक्काम होता. वाऱ्यानं सायबान उडू नये म्हणून अण्णांनी त्याची एक दोरी शेजारच्या चहाच्या टपरीच्या, छप्पर पेलणाऱ्या मेढीला बांधली. सकाळी निघायची वेळ झाली. काकू हापशावर पाणी आणायला गेल्या. अण्णांनी सीटवर बसून स्टार्टर मारला आणि निघाले. मागं बघायची सवयच नाही! तीस वर्षं मागचं सगळं कंडक्टर बघायचा.

सायबान उघडं, दोरीला मेढ, मेढीला टपरीचं छप्पर. मागं टपरीवाला किटली घेऊन पळायलाय, फाट्यावरचे लोक ओरडायलेत. अण्णा सेलूच्या रस्त्याला!

पार पुढच्या पुलापाशी त्यांना कळलं.

आम्ही फाटलेलं सायबान शिवलं, टपरीचं छप्परही नवं करून दिलं. चाचा काकूंना म्हणाले, "भाभी, माफ करा त्याला. नुकसान मोठं न्हाई."

"नुकसानाचं न्हाई वो," काकू म्हणाल्या. "लोकाचं छप्पर घेऊन गेले अन् बायकू ठिवून गेले!"

* * *

चार-पाच वर्षं गाडी फिरली. मग एक दिवस अण्णा एसटीनं आले. एकटे. दुकानाची पायरी चाचपत चढले.

"डोळ्यात पडदा आलाय, चाचा. डॉक्टर म्हनले, एका डोळ्याचं आपरेशन केलं तरी आता गाडी चालवायची न्हाई." मग स्टुलावर टेकले. "कुनातरी ड्रायव्हरला धरून गाडी इकडं लावून देतो. सायबान उतरवून घ्या. चांगलं कापड हाय, कुनाच्यातरी जीपला हूड होईल. पाईपबी कापा, म्हंजी गाडीला गिऱ्हाईक येईल."

चाचांनी तोंड फिरवलं. मी विचारलं, "काकू काय म्हणतात?"

"ती काय म्हननार? ती बोलतीच कुठं!"

दोन महिने गाडी आली नाही, निरोप नाही. आम्ही आपसातही विषय काढला नाही. एकदा तुकारामनं पाईप कापायची करवत आणून दुकानात ठेवली, तर चाचांनी ती त्याच्याकडं परत पाठवली.

मग एका दुपारी रस्त्यावर ओळखीचा आवाज आला. पिवळी मॅटाडोर. पुढं ताडपत्रीच्या तुकड्यावर तांबड्या रंगात भला मोठा 'एल' रंगवलेला. गाडी दुकानापुढून गेली, थांबली, रिव्हर्स आली आणि लिंबाखाली अशी लागली, की सावली बरोबर दाराच्या अंगाला. कसला धक्का नाही, की काही नाही.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आधी नऊवारीचा काठ दिसला. शेवंताकाकू खाली उतरल्या, पदर खोचला आणि सायबान ओढून बांबू लावले, एक चार बोटं खाली. मग दुकानात आल्या, माठातलं पाणी प्यायल्या.

"चाचा, दोरी झिजलीय. नवी लावून द्या. उद्या माहूरला जायचंय."

चाचा दाभण हातात धरून बघतच राहिले. मग त्यांनी विचारलं.

"भाभी, अण्णा न्हाई आले?"

काकूंनी गाडीकडं मान केली. सायबानाखालून थप थप आवाज येत होता.

"आलेत की. भाकरी थापायलेत."